वाचकांचे प्रश्न : मासळी खाणारे आणि मासळी पकडणारे

समुद्री मासळी आणि आरोग्य या विषयावर आलेल्या पत्रांपैकी चार प्रश्न या वेळी घेतले आहेत. त्यांतले तीन मासळी खाणाऱ्यांचे आहेत आणि एक ट्रॉलरवर काम करणाऱ्याच्या घरून आलेला आहे. हे प्रश्न मुद्दाम एकत्र ठेवले आहेत, कारण ताटात आलेली मासळी सुरक्षित आहे की नाही हे बऱ्याचदा ती बोटीवर असतानाच ठरलेले असते.

प्रश्न : आम्ही घरच्या चौघांनी बांगडा खाल्ला. पाऊण तासाच्या आत माझा चेहरा आणि मान लालबुंद झाली, डोके ठणकू लागले आणि छाती धडधडू लागली. मुलालाही तसाच त्रास झाला, पण पत्नीला आणि आईला काहीच झाले नाही. मासा नीट शिजवलेला होता, त्याला वाईट वासही नव्हता. मला याआधी मासे खाऊन कधीही त्रास झालेला नाही. आता कायमची ॲलर्जी जडली असे समजायचे का?

उत्तर : आपण वर्णन केलेली लक्षणे ॲलर्जीसारखी दिसत असली तरी ती हिस्टामिनच्या विषबाधेची असण्याची शक्यता अधिक आहे. बांगडा, तारली, ट्यूना अशा माशांच्या गडद मांसात हिस्टिडिन नावाचे अमिनो आम्ल भरपूर असते. मासा मेल्यानंतर त्याला वेळेवर बर्फ मिळाला नाही, तर त्याच्या कल्ल्यांत आणि आतड्यांत असलेले जिवाणू मांसात पसरतात आणि त्या हिस्टिडिनचे हिस्टामिन करतात. ॲलर्जीमध्ये हेच हिस्टामिन आपले स्वतःचे शरीर सोडते, येथे मात्र ते माशातून आयते पोटात जाते. म्हणूनच दोन्हींची लक्षणे इतकी सारखी दिसतात. एकाच ताटातला मासा खाऊन दोघांना एकाच वेळी त्रास होणे आणि त्यांपैकी कोणालाही पूर्वी माशाची ॲलर्जी नसणे, या दोन गोष्टी विषबाधेकडे बोट दाखवतात. पत्नीला आणि आईला काही झाले नाही याचेही नवल नाही, कारण हिस्टामिन सगळ्या मांसात सारखे पसरलेले नसते. एकाच माशाची एक तुकडी बाधते आणि दुसरी बाधत नाही, असे घडू शकते.

शिजवण्यात काही चूक झाली असे मनाला लावून घेऊ नका. शिजवल्याने जिवाणू मरतात, पण एकदा तयार झालेले हिस्टामिन शिजवून, तळून, गोठवून किंवा डबाबंद करूनही नाहीसे होत नाही. वासावरूनही ते ओळखता येत नाही. काही जणांना पहिल्या घासालाच जीभ चुरचुरल्यासारखी वाटते किंवा मिरीसारखी तिखट चव लागते. तसे जाणवले तर तो मासा तेथेच बाजूला सारावा.

दोष बहुधा त्याच्या कितीतरी आधी घडलेला असतो. लांब दोरीला शेकडो गळ लावून मासेमारी केली जाते, तेव्हा गळाला लागलेला मासा पाण्यातच मरून कोमट पाण्यात तासन्‌तास लटकत राहू शकतो. म्हणजे तो डेकवर येण्याआधीच बिघडायला सुरुवात झालेली असते. पुढे डेकवर उन्हात ढीग पडून राहिला किंवा थरांमध्ये पुरेसा बर्फ घातला गेला नाही, तर वरचे मासे थंड आणि ढिगाच्या मधले कोमट अशी स्थिती होते. जिवाणूंनी एकदा विकर (एन्झाइम) तयार केले की नंतर मासा थंड केला तरी त्या विकराचे काम संथपणे चालूच राहते. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांत अशा माशांसाठी हिस्टामिनची सुरक्षिततेची मर्यादा किलोला २०० मिलिग्रॅम अशी ठरवलेली आहे आणि ती पाळण्याचा खरा उपाय म्हणजे मासा मरताच तो थंड करणे. घरी आपल्या हातात एवढेच उरते की मासळी आणल्याबरोबर ती फ्रिजमध्ये ४ अंश सेल्सिअसच्या खाली ठेवावी आणि ओट्यावर ताटकळू देऊ नये.

हा त्रास बहुधा काही तासांत ओसरतो आणि डॉक्टर देतात त्या हिस्टामिनरोधक गोळ्यांनी लवकर शमतो. मात्र श्वास घेणे जड जाणे, घसा किंवा जीभ सुजणे, भोवळ येणे यांपैकी काहीही झाले तर कारणाचा विचार करत न बसता तातडीने रुग्णालय गाठावे. क्षयरोगासाठी आयसोनियाझिड घेणाऱ्यांनी विशेष जपावे, कारण हे औषध शरीरातील हिस्टामिनचा निचरा अडवते आणि थोड्या हिस्टामिननेही त्यांना मोठा त्रास होऊ शकतो. आपण मासे कायमचे सोडून देण्याआधी ॲलर्जीच्या तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या. ॲलर्जी नसताना मासे वर्ज्य करणे जितके अनाठायी, तितकेच ती असताना केवळ अंदाजाने पुन्हा खाऊन पाहणे धोक्याचे आहे.

प्रश्न : माझी सून गरोदर आहे. माशांत पारा असतो असे ऐकल्यापासून तिने मासे पूर्ण बंद केले आहेत. हे योग्य आहे का?

उत्तर : सूनबाईंची काळजी रास्त आहे, पण सगळेच मासे बंद करण्याची गरज नाही. समुद्रात आणि तळ्यांत पोहोचलेल्या पाऱ्याचे काही जिवाणू मेथिल पाऱ्यात रूपांतर करतात. तो सूक्ष्म जीवांतून लहान माशांत, लहान माशांतून मोठ्या माशांत साठत जातो आणि प्रत्येक पायरीवर त्याचे प्रमाण वाढते. त्यामुळे मोठे, दीर्घायुषी आणि शिकारी मासे अधिक धोक्याचे ठरतात. मेथिल पारा स्नायूंतील प्रथिनांना चिकटलेला असल्यामुळे कातडी काढून, चरबी काढून किंवा शिजवून तो कमी करता येत नाही.

गरोदरपणीच एवढी खबरदारी का, याचे उत्तर जपानमधील मिनामाता येथे मिळाले. तेथील एका रासायनिक कारखान्याने सोडलेला पारा खाडीतील माशांत आणि शिंपल्यांत साठत गेला आणि १९५६ साली या आजाराची अधिकृत नोंद झाली. ज्या मातांना स्वतःला फारसा त्रास नव्हता, त्यांच्या पोटी मेंदूला गंभीर इजा झालेली बाळे जन्मली. हा पारा वार (प्लासेंटा) ओलांडून गर्भाच्या वाढत्या मेंदूपर्यंत पोहोचतो, हे त्या कुटुंबांच्या दुःखातून जगाला कळले. पाऱ्याविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराला त्या गावाचेच नाव दिले आहे आणि तो २०१७ पासून अमलात आहे.

तरीही माशांतून मिळणारी ओमेगा-३ स्निग्धाम्ले, आयोडिन आणि उत्तम प्रथिने बाळाच्या मेंदूच्या वाढीला उपयोगी असतात, हेही तितकेच खरे आहे. अमेरिकेच्या अन्न आणि पर्यावरण विभागांचा गरोदर स्त्रियांना सल्ला आहे की कमी पारा असलेले वेगवेगळे मासे आठवड्याला सुमारे २२५ ते ३४० ग्रॅम खावेत. तारली, कोळंबी, सामन असे प्रकार यात बसतात. शार्क, तलवार मासा, मार्लिन आणि मोठ्या डोळ्यांचा ट्यूना मात्र या काळात टाळावेत. शरीरातील मेथिल पारा निम्मा व्हायला सुमारे दीड ते दोन महिने लागतात, म्हणून मूल हवे असलेल्या स्त्रियांनी ही निवड गर्भधारणेच्या आधीपासूनच करावी. मासे कच्चे किंवा अर्धवट शिजवलेले नसावेत आणि किती खावेत हे सूनबाईंनी आपल्या प्रसूतितज्ज्ञांना विचारून ठरवावे.

प्रश्न : कच्च्या कालवांवर लिंबू पिळले की जंतू मरतात, हे खरे आहे का? मला मधुमेह आहे.

उत्तर : नाही, आणि आपण कच्ची कालवे खाऊच नयेत. लिंबाचा रस, तिखट सॉस किंवा मद्य यांनी हे जंतू मरत नाहीत. कालवे आणि शिंपले पाणी गाळून अन्न मिळवतात आणि पाण्यातले जिवाणू त्यांच्यात साठतात. कोमट समुद्रात आढळणारा व्हिब्रिओ व्हल्निफिकस हा जिवाणू यकृताचे आजार, मधुमेह किंवा क्षीण प्रतिकारशक्ती असलेल्यांत थेट रक्तात पसरू शकतो. या संसर्गाच्या दर पाच रुग्णांपैकी सुमारे एक दगावतो, कधीकधी एक-दोन दिवसांतच. पूर्ण शिजवल्याने हा धोका टळतो.

शिजवूनही न टळणारा धोका वेगळा आहे. काही सूक्ष्म शैवालांची विषे शिंपल्यांत साठतात आणि उष्णतेने नष्ट होत नाहीत. १९८७ साली कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड बेटावरचे शिंपले खाऊन शंभराहून अधिक माणसे आजारी पडली, काही दगावली आणि वाचलेल्यांपैकी काहींची स्मरणशक्ती कायमची अधू झाली. म्हणून पाणी तपासून ज्या भागात शिंपले काढण्यास बंदी घातली जाते, तेथील शिंपले कितीही ताजे दिसले तरी घेऊ नयेत.

प्रश्न : माझे धाकटे दीर ट्रॉलरवर काम करतात. मासा साफ करताना काटा टोचून त्यांच्या बोटाला गाठ आली. दोन महिने झाले, दोनदा औषधे झाली, तरी ती बरी होत नाही. शिवाय मागील फेरीत त्यांचा एक सोबती मासळी साठवण्याच्या कप्प्यात उतरताच बेशुद्ध पडला होता. हे कशाने होते?

उत्तर : दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण त्यात जीव जातो. बंद कप्प्यात उरलेली मासळी आणि साचलेले पाणी कुजते, तेव्हा प्राणवायू संपत जातो आणि हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो, पण त्या वासावर विसंबून राहणे घातक आहे. हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे प्रमाण शंभरच्या आसपास गेले की नाक बधिर होते आणि वास गेला म्हणजे धोका गेला असे वाटते. त्याहून बरेच अधिक प्रमाण झाल्यास काही श्वासांतच माणूस कोसळतो. त्याला वाचवायला दुसरा धावत उतरतो, तोही पडतो, मग तिसरा उतरतो. एकाच कप्प्यात अनेकांचे प्राण जाण्याचे हे नेहमीचे कारण आहे.

आपल्या दिरांच्या सोबत्याचे नशीब थोर. पुढच्या वेळी कोणीही उतरण्यापूर्वी झाकणे उघडून पंख्याने भरपूर हवा खेळवावी आणि शक्य असेल तर वायुमापकाने हवा तपासावी. उतरणाऱ्याच्या कमरेला दोरी असावी आणि वर एक माणूस केवळ त्याच्यावर लक्ष ठेवून उभा असावा. कोणी पडलेच, तर श्वसनयंत्र असल्याशिवाय मागोमाग उतरू नये, दोरीने त्याला वर ओढावे. हे तांडेलाने, म्हणजे बोटीच्या प्रमुखाने, प्रत्येक फेरीच्या आधी सर्वांना बजावले पाहिजे.

ही व्यवस्था करणे मालकाची जबाबदारी आहे, खलाशांच्या हुशारीवर ती सोडता येत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९९ साली वर्तवलेल्या अंदाजानुसार मासेमारीत जगभर दरवर्षी सुमारे २४ हजार माणसे मरतात. याच संघटनेचा मासेमारीतील कामाविषयीचा १८८ क्रमांकाचा करार २००७ साली झाला आणि २०१७ पासून लागू आहे. तीन दिवसांहून अधिक काळ समुद्रात राहणाऱ्या बोटींवर चोवीस तासांत किमान १० तास आणि सात दिवसांत किमान ७७ तास विश्रांती द्यावी, असे तो सांगतो. झोपेअभावी अडखळलेला माणूस जाळ्याच्या दोरात गुंततो किंवा पाण्यात पडतो, म्हणून ही विश्रांती जीव वाचवणारी आहे.

आता बोटाविषयी. माशाच्या काट्याने झालेल्या जखमेत दोन संसर्ग विशेष आढळतात. एकात दोन-चार दिवसांतच बोट जांभळट लाल होऊन आग होते, डाग कडेने पसरतो आणि पेनिसिलिनने तो बरा होतो. दुसरा क्षयरोगाच्या जंतूच्या जातकुळीतल्या मायकोबॅक्टेरियम मरायनम या जिवाणूचा असतो. त्यात काही आठवड्यांनी गाठ येते, ती फारशी दुखत नाही, नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद देत नाही आणि कधी हातावर वरवर एका ओळीत नव्या गाठी उठतात. आपल्या वर्णनावरून या दुसऱ्या संसर्गाची शंका घेण्यास जागा आहे. दिरांनी आता आणखी एक औषध चालू करण्याऐवजी त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे, गाठीचा लहान तुकडा काढून तपासणीला देण्याविषयी विचारावे आणि आपण मासे हाताळतो, जखम काट्याची आहे, हे पहिल्याच वाक्यात सांगावे. ही माहिती मिळाली नाही तर प्रयोगशाळा या जंतूसाठी लागणारी कमी तापमानाची चाचणी बहुधा लावतच नाही आणि अहवाल निर्दोष येतो. निदान झाले तर औषधे काही महिने घ्यावी लागतात. गाठ दिसेनाशी झाली म्हणून ती मध्येच थांबवू नयेत, आणि हात बरा होईपर्यंत जलरोधक हातमोज्यांशिवाय मासळीला हात लावू नये.