नोकरी-संसार सांभाळून शिकणाऱ्यांना ऑनलाइन कसं शिकवावं?

मॅडम, तुम्ही विचारलंय की मुक्त विद्यापीठाच्या केंद्रावर बी.कॉम.चे ऑनलाइन तास घेताना सगळ्यांचे कॅमेरे बंद असतात, कोणी तोंड उघडत नाही, काय करावं? मीही अशाच एका केंद्रावर समंत्रक, म्हणजे मार्गदर्शक शिक्षक म्हणून हिशेब शिकवतो. कॅमेऱ्याचा नाद आधी सोडा. घरात फोन एकच, मागे कुकरच्या शिट्ट्या; चेहरा दिसला म्हणजे लक्ष आहे असं थोडंच असतं?

यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 साली नाशिकला निघालं ते घरोघरी शिक्षण पोचवायला. त्यामुळे त्याची पुस्तकं एकट्याने वाचून समजावीत अशा बेतानेच लिहिलेली असतात. तीच तासाला वाचून दाखवली तर मुलं पेंगणारच. (मुलं म्हणायची पद्धत, त्यात एखादी आजीही असते.) संकल्पना पाच-सहा मिनिटांच्या आवाजी मेसेजमध्ये आधीच पाठवा, भाकऱ्या थापताना किंवा बसमध्ये ऐकता येतो. तास ठेवा फक्त गणितं सोडवायला.

आणि त्यांना काही येत नाही असं धरून चालू नका. बचत गटाची सचिव दहा हजारांच्या कर्जावर महिना दोन टक्क्यांनी 200 रुपये व्याज तोंडी सांगते, पण पुस्तकातलं 'येणे व्याज' (कमावलेलं, पण अजून हाती न आलेलं) आलं की गप्प. मी विचारतो, "ताई, 31 मार्चला वही बंद केली. मार्चचं व्याज एप्रिलच्या मीटिंगला मिळणार. कुठल्या वर्षात धरायचं?"

"मार्चचंच की हो सर, पैसे तेवढे यायचे राहिलेत."

झाली की समायोजन नोंद, म्हणजे वही बंद करतानाची जुळवाजुळव! नफा-तोटा पत्रकात ते जमेला आणि ताळेबंदात मालमत्तेकडे, एवढंच सांगायचं उरतं.

खरी भीती लिहिण्याची असते. वर्षानुवर्षं हातात पेन नाही, पेपरात हात भरून येतो. आठवड्याला एक उत्तर वहीत लिहून फोटो मागवा. लाल खुणा करून ज्याचं त्यालाच पाठवा, ग्रुपवर नको.

तारखा ठरवताना त्यांचं कॅलेंडर बघा. गणपतीत पोलीस बंदोबस्ताला, दिवाळीत कंडक्टर जादा गाड्यांवर, पोलिओच्या रविवारी अंगणवाडीताई बूथवर. लागोपाठच्या दोन तासांना कोणी दिसलं नाही तर ग्रुपवर नाव घेऊन विचारू नका, सरळ फोन करा. रात्रीचा नको, स्वयंपाकाची घाई असते. दुपारी केलात तर निवांत बोलतात.