खूळ नव्हे, नेमकी आवड

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे. अकरावीला 74 टक्के होते. तिने नौदलाच्या पी-8आय या टेहळणी विमानाची पायलट व्हावे अशी आमची इच्छा आहे. त्यासाठी कर्ज काढून कमर्शियल पायलटचे लायसन्स करून द्यायचा विचार आहे. पण ती म्हणते, मला विमान चालवायचे नाही, आतल्या रडारवर काम करायचे आहे. तिच्या डोक्यातले हे खूळ कसे काढावे?

उत्तर : काढू नका. तिच्या मार्कांची मला काळजी नाही, तुमच्या ‘खूळ’ या शब्दाची आहे. सतरा वर्षांची मुलगी विमानाच्या आतले एक विशिष्ट काम बोट ठेवून दाखवते आहे. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मुलांना ‘डिफेन्समध्ये जायचंय’ यापलीकडे काही सांगता येत नाही.

टेहळणी पायलट करतो, असे तुम्ही धरून चालला आहात. पी-8आय हे बोइंग 737 या प्रवासी विमानावरून बेतलेले आहे. पायलट ते हव्या त्या जागी, हव्या त्या उंचीवर नेतात, आणि ते काम कसबाचेच आहे. पण पाणबुडीचा माग लागतो तो मागे, केबिनमधल्या पडद्यांसमोर. विमानातून सोनोबॉय, म्हणजे आवाज ऐकणारी तरंगती यंत्रे, समुद्रात टाकतात. ते पाण्यातले आवाज टिपून रेडिओवरून वर पाठवतात. त्या गोंगाटात मालवाहू जहाज कुठले आणि पाणबुडी कुठली, हे हेडफोन लावून बसलेली मागची टीम ओळखते. पुढचा सोनोबॉय कुठे टाकायचा, याचा डाव मांडतो तो ऑब्झर्व्हर अधिकारी. मुलीला आवडले आहे ते हे काम. ते दुय्यम आहे, हे कृपया तिला सांगू नका. नौदलात मुली ऑब्झर्व्हर झाल्या 2009 मध्ये, पहिली महिला पायलट कामावर रुजू झाली ती थेट डिसेंबर 2019 मध्ये.

आता कर्ज. ते अजिबात काढू नका. त्या लायसन्समुळे सैन्यदलांत वयाची थोडी सवलत मिळते, निवड होत नाही. उडायला ते पहिल्यापासून स्वतःच शिकवतात, सरकारी खर्चाने.

रस्ता ओळखीचा आहे : इंजिनिअरिंगची पदवी, शॉर्ट सर्व्हिसमधून (ठरावीक वर्षांची अधिकारी-नोकरी) ऑब्झर्व्हर शाखेसाठी अर्ज, एसएसबी (सैन्यदलांची निवड-मुलाखत), मेडिकल, मग कोचीला प्रशिक्षण. दहावी-बारावीला 60 टक्क्यांच्या वर राहायला हवे. मात्र पी-8आयच मिळेल असे कुणीही लिहून देणार नाही. डॉर्निअर हे लहान टेहळणी विमान मिळेल, हेलिकॉप्टरही मिळेल. कुणाला कुठे पाठवायचे हे नौदल ठरवते, आणि हे तिला आजच माहीत असलेले बरे.

इंजिनिअरिंगची शाखा निवडताना इलेक्ट्रॉनिक्सचा विचार जरूर करा. नौदलात निवड झाली नाही तरी रडार आणि सिग्नलचे काम तिला बाहेरही करता येईल. पुढचे पत्र मात्र तिला स्वतःला लिहू द्या. रडारमधले तिला नेमके काय आवडते, ते मला तिच्याकडून ऐकायचे आहे.