मिनेसोटाच्या ‘कॅपिटॉल’ची जुनी पोस्टकार्डं: तीन कार्डांवर तीन वेगळ्या इमारती का? कार्डं कधीची असतील?

कारण मिनेसोटाची राजधानी सेंट पॉलमध्ये राज्याची विधानभवनं खरोखरच तीन झाली. पहिलं 1881 मध्ये आगीत गेलं. तेव्हा चित्रांची पोस्टकार्डं अमेरिकेत रुळलेलीच नव्हती, त्यामुळे ते दाखवणारं कार्ड जुन्या चित्रावरून नंतर छापलेलं समजा. विक्रेता काहीही सांगो!

दुसरं 1883 चं, लाल विटांचं. तिसरं झाल्यावरही ते 1930 च्या दशकापर्यंत उभं होतं, म्हणून ‘ओल्ड कॅपिटॉल’ असा मजकूर असेल तर कार्ड बहुधा नव्या इमारतीनंतरचं.

तिसरं म्हणजे वास्तुविशारद कॅस गिल्बर्टचं पांढरं संगमरवरी, 1905 मध्ये खुलं झालेलं. इथे खरी गंमत आहे. घुमटाच्या पायथ्याशी सोनेरी घोड्यांचा रथ 1906 मध्ये बसवला. समोरून काढलेल्या चित्रात घोडे नसतील तर मूळ फोटो त्याआधीचा. छपाई मात्र नंतरचीही असू शकते, प्रकाशक जुने फोटो वर्षानुवर्षं वापरत.

मागची बाजूही बघा: पत्ता आणि मजकूर यांच्यामध्ये उभी रेघ असेल तर कार्ड साधारण 1907 नंतरचं. टपालाचा शिक्का वाचता आला तर उत्तमच.