ताई हल्ली सगळं विचारून करतात

*नमस्कार मॅडम. माझा ऑफसेट छपाईचा व्यवसाय आहे, चौदा माणसं कामाला आहेत. माझं वय ४४. सकाळी नऊला आत शिरलो की रात्री नऊच्या आत सुटका नाही, आणि तरी रोज दोन-तीन महत्त्वाची कामं राहतातच. कोटेशन वेळेवर जात नाहीत, वसुलीचे फोन राहतात, नव्या मशीनचा विचार वर्षभर तसाच पडून आहे. पहाटे साडेचारला उठायला लागलो. २५ मिनिटांचा टायमर लावून पाहिला. आयझेनहॉवरचे चार चौकोन आखून, तातडीचं काय आणि महत्त्वाचं काय ते बघून, त्यात कामं भरली. ‘दुसऱ्याला द्यायची कामं’ हा चौकोन मात्र रिकामाच राहिला, कारण देणार कोणाला? माझ्याकडे नऊ वर्षांपासून एक ताई आहेत, पूर्वी उत्पादनाची सगळी बाजू त्याच बघायच्या. दीड वर्षापूर्वी एका गिऱ्हाइकाचं काम उशिरा गेलं म्हणून त्यांनी मला न विचारता बिलात सूट दिली. तेव्हा सगळ्यांसमोर जरा बोललो त्यांना. (ते गिऱ्हाईक अजून आपल्याकडेच आहे, तो भाग वेगळा.) तेव्हापासून निदान त्या सगळं विचारून करतात, चुकाही कमी झाल्यात. पण वेळ काही पुरत नाही. घरी पोचतो तेव्हा मुलं झोपलेली असतात. दिवसाचं नियोजन करायची एखादी खात्रीची पद्धत सांगाल का?*

*सदैव घाईत*

नमस्कार.

‘तेव्हापासून निदान त्या सगळं विचारून करतात.’ या वाक्यापाशी मी थांबले. तुम्ही ते सहज, जमेची बाजू म्हणून लिहून गेलात. तुमचा हरवलेला वेळ त्याच वाक्यात आहे, म्हणून आज बोलायचं ते फक्त त्याबद्दल. कोटेशन, वसुली, नवं मशीन सगळं बाजूला ठेवू या. मुलांबद्दल लिहिलंत ते वाचून वाईट वाटलं, पण त्याचंही मूळ इथेच आहे.

‘सगळं विचारून’ म्हणजे काय काय, ते तुम्ही लिहिलं नाहीत. पण छपाईचं काम कसं चालतं ते पाहता अंदाज बांधता येतो. प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा तपासणीचा नमुना, पास करायचंय, तुम्हाला विचारा. १३० जीएसएमचा (चौरस मीटरला १३० ग्रॅम वजनाचा) आर्ट पेपर संपलाय, दुसऱ्या गिरणीचा त्याच वजनाचा कागद चालेल का, तुम्हाला विचारा. दोन कामांपैकी आधी कोणाच्या प्लेट काढायच्या, बाइंडिंगला आज पाठवायचं की उद्या, तेही तुम्हालाच. नऊ वर्षं काम केलेल्या बाईंना यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर येत नाही, असं तुम्ही मला छातीठोकपणे सांगू शकाल? उत्तर त्यांना येतं. ते तुमच्या तोंडून ऐकल्याशिवाय पुढे जायचं नाही, एवढंच त्या शिकल्यात. आणि शिकवलंत तुम्ही.

आता त्याचा तुमच्या दिवसावर काय परिणाम होतो ते बघा, कारण त्याचं गणित शंभर वर्षांहून जुनं आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारे आग्नेर एर्लांग यांनी १९०९ मध्ये फोनच्या गर्दीवर लिहिलं आणि तिथून रांगांचा अभ्यास सुरू झाला. समजा, एकच खिडकी आहे, माणसं वाटेल तेव्हा येतात, प्रत्येकाचं काम कमीजास्त वेळ घेतं, सरासरी दहा मिनिटं. ही खिडकी निम्मा वेळच कामात असेल, तर येणाऱ्याला सरासरी दहा मिनिटं थांबावं लागतं. ८० टक्के वेळ कामात असेल तर चाळीस मिनिटं. ९० टक्क्यांना दीड तास. ९५ टक्क्यांना तीन तासांहून जास्त. खिडकीतला माणूस हळू काम करतोय म्हणून हे होत नाही. त्याच्याकडे मोकळी जागाच उरलेली नाही, म्हणून होतं.

तुमच्या युनिटमध्ये ती खिडकी तुम्ही आहात. चौदा माणसांचे प्रश्न ताईंकडे येतात आणि ताई ते जसेच्या तसे तुमच्याकडे आणतात. तुम्ही एखाद्या गिऱ्हाइकाशी फोनवर बोलत असता तेव्हा प्रूफ टेबलावर पडून असतं, प्लेट थांबलेल्या असतात, मशीनवरची माणसं उभी असतात. मग काम उशिरा जातं. मग ते गिऱ्हाईक फोन करतं, तोही तुम्हालाच. म्हणजे रांगेत आणखी एक वाढला. पहाटे साडेचारला उठून तुम्ही चार तास मिळवलेत खरे, पण त्या वेळी खिडकीवर कोणीच नसतं. विचारणारी माणसं नऊला कामावर येतात.

तुमच्या पद्धतींबद्दलही थोडं बोलते, कारण त्या फसल्या म्हणून तुम्ही स्वतःला शिस्त नाही असं ठरवून टाकलं असेल, तर ते मला मान्य नाही. २५ मिनिटांचा टायमर फ्रान्चेस्को चिरिलो यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस शोधला, विद्यापीठात शिकत असताना, स्वतःचा अभ्यास व्हावा म्हणून. समोर पुस्तक होतं, आणि त्यांच्या परवानगीसाठी कोणी खोळंबलं नव्हतं. तुमच्या दारात दर दहा मिनिटांनी कोणीतरी उभं असताना तो टायमर काय करणार? त्यात तुमची चूक काही नाही.

आणि आयझेनहॉवर. चौकोन त्यांच्या नावाने ओळखले जातात, तर जून १९४४ मध्ये त्यांनी काय केलं तेही लक्षात घ्या. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर सैन्य उतरवायच्या मोहिमेचे हे अमेरिकन सेनानी सरसेनापती होते. जमिनीवरचं सैन्य माँटगोमेरींकडे, आरमार रॅमसेंकडे, विमानदल ली-मॅलरींकडे. निघायचं कधी, हा निर्णय मात्र त्यांनी स्वतःकडे ठेवला. हवामान बिघडलं म्हणून ५ जूनची तारीख एक दिवस पुढे ढकलली आणि ६ला निघायचं, हेही त्यांनीच ठरवलं. त्यांचा ‘दुसऱ्याला द्यायची कामं’ हा चौकोन भरलेला होता, म्हणून त्या एका निर्णयाला ते वेळ देऊ शकले. तुम्ही लिहिता, देणार कोणाला? ज्यांना द्यायचं त्या माणसाबद्दल तुम्ही पुढच्याच वाक्यात लिहिलंय. पूर्वी सगळी बाजू त्याच बघायच्या, असं लिहिलंय. हे लिहिताना तुमच्या लक्षात कसं आलं नाही, याचं मला खरंच आश्चर्य वाटतं.

चुका कमी झाल्यात म्हणता, ते मी मान्य करत नाही. जो माणूस काही ठरवतच नाही, त्याच्या हातून ठरवण्यातली चूक कशी होईल? आणि ज्या चुका होत असतील त्या तुमच्यापर्यंत येतात, याची खात्री काय? हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९०च्या दशकात रुग्णालयांतल्या पथकांचा अभ्यास केला. चांगल्या पथकांत औषधांच्या चुका कमी निघतील अशी त्यांची अपेक्षा होती. निघालं उलटं, चांगल्या पथकांत नोंदलेल्या चुका जास्त होत्या. तिथल्या परिचारिका चूक बोलून दाखवायला घाबरत नव्हत्या, म्हणून ती नोंदली जात होती. तुमच्याकडच्या शांततेकडे एकदा या नजरेने बघा.

आता मूळ गोष्ट. ‘सगळ्यांसमोर जरा बोललो.’ जरा नव्हतं ते. जरा असतं तर त्या बाईंनी दीड वर्ष लहानसहान गोष्टीही तुमच्यापुढे आणून ठेवल्या नसत्या. काम उशिरा गेलं होतं, गिऱ्हाईक चिडलेलं होतं, तुम्ही बहुधा दुसऱ्या कामात होतात, आणि त्यांनी तुमचा धंदा वाचवायला थोडी सूट दिली. सूट किती, कोणाला, याचा नियम तुम्ही कधी सांगितला होता का? पत्रात तरी तसं काही नाही. नियम नसताना त्यांनी मालकासारखा विचार केला आणि त्याबद्दल त्यांना हाताखालच्या माणसांसमोर ऐकून घ्यावं लागलं. मशीनवरच्या माणसांनी त्या दिवशी काय पाहिलं, याचाही विचार करा. ताईंचा शब्द इथे चालत नाही, हे पाहिलं. त्यानंतर ती माणसं तरी ताईंच्या सांगण्यावर पुढे कशी जातील?

आणि ते गिऱ्हाईक अजून तुमच्याकडे आहे. तो भाग वेगळा म्हणून तुम्ही कंसात टाकलात. तो भाग वेगळा मुळीच नाही. त्यांचा निर्णय बरोबर ठरला, आणि दीड वर्षात ते तुम्ही त्यांना एकदाही सांगितलं नाहीत. सांगितलं असतंत तर मला लिहिलं असतंत, असं मला वाटतं.

तेव्हा नियोजनाची पद्धत मी सांगणार नाही. एकच काम सांगते. येत्या सोमवारी सकाळी, मशीन सुरू व्हायच्या आधी, जी माणसं त्या दिवशी हजर होती त्या सगळ्यांसमोर ताईंना सांगा: ‘दीड वर्षापूर्वी तुम्ही सूट दिलीत, तो निर्णय बरोबर होता. त्यामुळे ते गिऱ्हाईक टिकलं. मी बोललो ते चुकलो.’ एवढंच. पुढे ‘पण’ लावू नका. ‘मात्र पुढच्या वेळी विचारलं असतं तर’ असलं काही जोडू नका. जोडलंत तर बोलून काही उपयोग नाही.

आणि लगेच, त्याच ठिकाणी, एक कागद द्या. रविवारी घरी बसून लिहा, तुमच्या सहीनिशी. त्यावर त्या न विचारता काय ठरवू शकतात ते असू दे. जुन्या कामाची पुन्हा आलेली ऑर्डर असेल तर प्रूफ त्या पास करतील. एका कागदाऐवजी त्याच वजनाचा, त्याच प्रकारचा दुसरा वापरायचा असेल तर त्या ठरवतील. मशीनवर कोणतं काम आधी चढवायचं ते त्या ठरवतील. काम आपल्याकडून उशिरा गेलं असेल तर बिलाच्या दहा टक्क्यांपर्यंत सूट त्या देतील. दहा जड वाटत असतील तर सात लिहा, पण आकडा लिहा. ‘योग्य वाटेल तेवढी’ असं लिहिलंत तर पहिल्याच वेळी त्या पुन्हा तुमच्या दारात उभ्या राहतील, आणि त्यांचं बरोबरच असेल. रिट्झ-कार्लटन हॉटेलात प्रत्येक कर्मचाऱ्याला पाहुण्याची अडचण सोडवायला साहेबाला न विचारता २,००० डॉलरपर्यंत खर्च करायची मुभा असल्याचं प्रसिद्ध आहे. तिथे माणसं बिनधास्त निर्णय घेतात, कारण मर्यादा कुठे आहे ते त्यांना आधीच ठाऊक असतं. तुमच्याकडे मर्यादा होती, पण ती ताईंना ओलांडल्यावर कळली.

नव्या गिऱ्हाइकाचं पहिलं काम, खास रंग जुळवायचं काम, मोठ्या संख्येची छपाई, इथे प्रूफ तुम्ही बघा. एक अक्षर चुकलं तर अख्खा गठ्ठा रद्दीत जातो, तुमची भीती खोटी नाही. पण ती भीती वीस कामांतल्या दोन-तीन कामांपुरती ठेवा.

पहिले काही आठवडे वेळ वाचणार नाही, हे आधीच सांगते. ताई विचारतच राहतील, कदाचित जास्त विचारतील, कारण तुमचा शब्द खरा आहे का ते त्यांना बघायचं असेल. त्या आल्या की उत्तर देऊ नका. ‘तुम्हाला काय वाटतं?’ एवढं विचारा, आणि त्या जे म्हणतील ते होऊ द्या, तुम्ही वेगळं केलं असतं तरीही. मशीनवरचा कोणी थेट तुमच्याकडे आला तर त्याला ताईंकडे पाठवा, आणि त्या काय म्हणाल्या ते मागाहून विचारायला जाऊ नका. हे तुम्हाला फार जड जाईल. तुमच्या पत्राच्या प्रत्येक ओळीत सगळं स्वतःच्या नजरेखालून घालायची सवय दिसते.

आणि कधीतरी त्यांचा निर्णय खरोखर चुकेल. पैसे जातील. त्या दिवशी सगळी माणसं तुमच्या तोंडाकडे बघत असतील. तेव्हा मशीनजवळ एक शब्दही बोलू नका. नंतर आत बसून, दार लावून, काय झालं ते शांतपणे विचारा, आणि गरज असेल तर कागदावरची एखादी ओळ दोघं मिळून बदला. दुसऱ्या दिवशी प्रूफ त्यांच्याच हातून पास होऊ द्या.

एक शंका तुमच्या मनात येईलच: सगळ्यांसमोर कशाला, ताईंना केबिनमध्ये बोलावून माफी मागितली तर चालणार नाही का? नाही चालणार. तुम्ही बोललात ते सगळ्यांनी ऐकलं होतं. ताईंचा शब्द परत चालायला हवा असेल तर तो परत दिल्याचंही त्याच माणसांनी ऐकलं पाहिजे. रविवारी कागद लिहा, सोमवारी बोला, आणि मगच मला पुढचं पत्र पाठवा.