लेथ नंतर, आधी ती पॉलिसी बाहेर काढा

वाचकाचं पत्र थोडक्यात: "क्लबच्या लेथवर (लाकूड कातायच्या यंत्रावर) वर्षभर पेनं, लहान डब्या कातल्या. आता 16 इंच स्विंगचा, म्हणजे 16 इंच व्यासापर्यंतचं लाकूड फिरवणारा, स्वतःचा लेथ घ्यायचाय, किंमत माझे तीन पगार. 15 टक्क्यांनी तीन वर्षांचं कर्ज घेऊ, की अडीअडचणीला ठेवलेले पैसे मोडू? ते गॅरंटीड योजनेत आहेत. वर्षाला दोन पगारांचा हप्ता, दहा वर्षं भरायचा, विसाव्या वर्षी दामदुप्पट. दोन हप्ते भरलेत, आज मोडली तर सव्वा पगार मिळतो म्हणे. महिन्याला चार वाडगे विकले की कर्जाचा हप्ता निघेल. घरात कमावता मी एकटाच."

चार पगार भरले आणि मागायला गेलं तर सव्वा हातात. याला अडीअडचणीचे पैसे कोण म्हणतं? तुम्हाला मुदत ठेवीच्या सुरात विमा विकलाय, आणि तोही धड विमा नाही. अशा योजनांत विम्याचं संरक्षण बहुधा हप्त्याच्या दहापट असतं, म्हणजे वीस पगार. तुम्ही नसलात तर घर दोन वर्षंसुद्धा चालणार नाही. कागद काढून आकडा बघा.

दामदुप्पटीचंही ऐका. पहिला हप्ता वीस वर्षं अडकतो, दहावा अकरा, म्हणजे तुमचा पैसा सरासरी साडेपंधरा वर्षं अडकतो. दुप्पट व्हायला लागणाऱ्या वर्षांनी 72 ला भागलं की व्याजदराचा अंदाज येतो. 72 ला साडेपंधराने भागा: साडेचार टक्क्यांच्या जरा वर. विकणारा आता म्हणेल की चालू ठेवा, इथून पुढे सहाच्या आसपास पडतात. ते खरं आहे, कारण तोटा आधीच खाऊन झालाय. पण त्यासाठी आणखी सोळा पगार कुलपात घालायचे, आणि तुमच्याकडे मोकळा पगार एकही नाही. मी हप्ते थांबवीन.

क्रम मात्र चुकवू नका. आधी वर्षाच्या उत्पन्नाच्या दहा ते पंधरापट साधा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा, बचत नसलेला) घ्या. तो लागू झाल्याचा कागद हातात आल्यावरच जुन्या पॉलिसीला हात लावा. कंपनीकडून तीन आकडे लेखी मागा: आजचं सरेंडर मूल्य (पॉलिसी मोडल्यास हातात येणारी रक्कम), तिसऱ्या हप्त्यानंतरचं, आणि पेड-अप केल्यास, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवल्यास, मुदतीअखेर मिळणारी रक्कम. वाचलेल्या हप्त्यांतून सहा पगार बचत खात्यात किंवा छोट्या मुदतीच्या ठेवीत जमेपर्यंत छंदासाठी कर्ज नाही.

आता लेथ. कर्जाचा हप्ता पगाराच्या दहाव्या हिश्श्याएवढा, एकूण व्याज पाऊण पगार. तो वाडग्यांतून निघेल हे विसरा. ओल्या लाकडाचा 10 इंचांचा वाडगा आधी जाड कातावा लागतो: भिंत व्यासाच्या दहाव्या भागाएवढी, इथे 1 इंच. मग जिथे तंतू आडवे कापले गेलेत त्या टोकांना मेण लावून सहा महिने ते वर्षभर वाळवायचा. घाई केली तर तडकतो, खोडाचा गाभा आत राहिला तर बहुधा तडकतोच. वाळताना लंबगोल होतो, म्हणून पुन्हा चकवर (लाकूड पकडणाऱ्या जबड्यांवर) चढवून शेवटचा कात घ्यायचा, मग सँडपेपरने 80 पासून 400 ग्रिटपर्यंत, जाड्या कागदापासून बारीकपर्यंत, घासायचं. नवशिक्याचे यात चार-पाच तास सहज जातात. चार वाडगे म्हणजे महिन्याचे वीस तास, आणि बँकेचा हप्ता पहिल्याच महिन्यापासून.

तुमच्या तीन पगारांत फक्त लेथ आहे. चार जबड्यांचा चक, बाऊल गाऊज (वाडगे कातायची पन्हळी पटाशी), ग्राइंडर आणि धार लावताना हत्यार ठरावीक कोनात धरणारी जिग, फेस शील्ड, धुळीचा मास्क, ठोकळे कापायला बँड सॉ धरले की खर्च दुपटीकडे जातो. धारेत काटकसर करू नका: बोथट गाऊज तंतू उपटते आणि ते घासून घालवता घालवता संध्याकाळ जाते. लांब दांडे कातायची स्पिंडल रफिंग गाऊज वाडग्याला लावायची नाही, तिचा टँग (मुठीत बसणारं बारीक शेपूट) मोडतो.

निधी जमला की 12 इंच स्विंगचा वापरलेला लेथ शोधा. मोठ्या यंत्राकडे वळणारे कातारी जुना काढतात, क्लबमध्ये आधी विचारा. बघायला जाल तेव्हा हेडस्टॉक (लाकूड फिरवणारं डोकं) आणि टेलस्टॉकची (समोरून आधार देणाऱ्या भागाची) टोकं एकमेकांना भिडतात का पाहा, स्पिंडल (हेडस्टॉकचा फिरणारा दांडा) हाताने हलवून बेअरिंगचा खेळ तपासा, आणि त्याच्या आट्यांचा साइज लिहून घ्या, नाहीतर चक बसणार नाही. वेगाचं नियंत्रण खालपर्यंत उतरायला हवं: इंचांतला व्यास गुणिले फेरे 6000 ते 9000 मध्ये ठेवायचे, म्हणजे 10 इंचांला मिनिटाला 600 ते 900. वेडावाकडा ठोकळा त्याहूनही हळू सुरू करायचा.

तोवर क्लबचा लेथ आहेच. तिसऱ्या हप्त्याची तारीख कधी आहे ते मात्र पत्रात लिहायचं राहिलंय. आधी ती बघा.