गिझर लावला की ईएलसीबी पडतो, गिझरचा स्विच बंद असला तरी फ्रिज सुरू झाला की पडतो. वायरमन म्हणतो बायपास करू. घरीच दुरुस्त होईल का?

बायपास करू देऊ नका. ईएलसीबी, म्हणजे करंट अर्थला गळला की वीज तोडणारा बोर्डातला स्विच (हल्ली बसवतात तो खरं तर आरसीसीबी, पण दुकानदारही ईएलसीबीच म्हणतो), बिघडला म्हणून पडत नाहीये, गळती आहे म्हणून पडतोय. ३० मिलीअँपिअर गळती झाली की त्याने पडायचंच असतं. तो काढला, तर पुढची गळती शॉवरखाली उभ्या माणसातून जाईल.

तुम्ही लिहिलंय की गिझरचा स्विच बंद असतानाही फ्रिज सुरू झाला की पडतो. यातच अर्धं निदान आहे. स्विच फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलीच राहते. पाणी तापवणारी कॉइल न्यूट्रलच्या बाजूने फुटली असेल, तर फ्रिजचा परतीचा थोडा करंट कॉइलमधून अर्थला जातो आणि ईएलसीबीला फरक कळतो.

आधी गिझरचा थ्री पिन टॉप (प्लग) सॉकेटमधून उपसा. तरीही पडत असेल तर दोष सॉकेटमध्ये, भिंतीतल्या वायरमध्ये किंवा फ्रिजसारख्या दुसऱ्या उपकरणात आहे. पावसाळ्यात बाथरूमच्या बोर्डात ओल शिरणं मुंबईत नेहमीचंच. तिथे थांबा, लायसन्सवाला वायरमन बोलवा. टॉप काढल्यावर पडायचं थांबलं तर दोष गिझरमध्ये. टॉपच्या पिना काळ्या पडल्या असतील तर टॉप आणि सॉकेट दोन्ही बदलून घ्या, एकच बदलला तर दुसरा त्यालाही जाळतो.

आता साधा मल्टिमीटर घ्या. थर्मोस्टॅट पूर्ण वर, पाणी थंड. टॉपच्या फेज आणि न्यूट्रल पिनेत २००० वॅटच्या गिझरला साधारण २६ ओहम दिसायला हवेत, ३००० वॅटच्या इन्स्टंटला १७–१८. काहीच दिसत नसेल तर कॉइल तुटली किंवा थर्मल कट-आउट (जास्त तापल्यावर वीज तोडणारा भाग) उडालाय. मग मीटर मेगाओहमवर लावून जाड अर्थ पिन आणि बाकीच्या दोन्ही पिना एकेक करून मोजा. धातूला बोटं लावू नका, नाहीतर मीटर तुमचंच अंग मोजेल. इथे रीडिंग यायलाच नको. ७–८ हजार ओहम आले, तर २३० व्होल्टला ३० मिलीअँपिअर होतातच. पन्नास हजार आले तरी खूश होऊ नका: कॉइलच्या नळीला सुईएवढं छिद्र पडलं की आतली पांढरी पूड पाणी पिते, आणि मीटरच्या दोन-चार व्होल्टला जे दिसत नाही ते २३० ला दिसतं. खात्रीसाठी वायरमनकडून ५०० व्होल्टच्या मेगरने (जास्त व्होल्ट देऊन गळती मोजणारं मीटर) तपासून घ्या.

कॉइल बदलणं हाताला पाना चालवायची सवय असलेल्याला जमतं. एमसीबी खाली करा, टॉप बाहेरच ठेवा. पाणी थंड होऊ द्या. थंड पाण्याचा अँगल कॉक बंद, गरम पाण्याचा नळ उघडा, इनलेटची कनेक्शन पाइप सोडा, खाली बादली. तिथल्या व्हॉल्व्हमध्ये नॉन-रिटर्न (पाणी उलटं जाऊ न देणारी झडप) असतो, तो काढल्याशिवाय टाकी रिकामी होत नाही. बरेच जण इथेच अडकतात. खालचं झाकण काढून वायरींचा फोटो घ्या, थर्मोस्टॅट ओढून काढा, फ्लँजचे (कॉइल ज्या चकतीवर बसते तिचे) नट सोडा. गंजले असतील तर गंज सोडवायचं तेल मारून तासभर थांबा, जोर लावाल तर बोल्ट तुटेल.

जुनी कॉइल हातात घेऊनच लोहार चाळीत (मुंबईतला विजेच्या सामानाचा बाजार) किंवा गिझरच्या सर्व्हिस सेंटरला जा. फ्लँजची भोकं, लांबी आणि वॅट जुळायला हवेत. गॅस्केट नवीनच घ्या. टाकीला गंजापासून वाचवणारा मॅग्नेशियमचा रॉड झिजून तार उरली असेल तर तोही बदला. पालिकेचं तलावाचं पाणी सौम्य आहे, पण सोसायटी बोअरवेलचा टँकर मागवत असेल तर क्षार साचून कॉइल लवकर जाते.

बसवताना नट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. अर्थची हिरवी वायर टाकीच्या स्क्रूला घट्ट. मग पाणी सोडा आणि गरम नळातून हवा न येता सलग धार लागेपर्यंत टॉप लावूच नका. कोरडी कॉइल काही मिनिटांत जळते. फ्लँजखाली टिश्यू पेपर फिरवून दहा मिनिटं बघा, ओला झाला नाही तरच झाकण लावा आणि टॉप घाला. पाणी तापून थर्मोस्टॅट बंद होईपर्यंत कोणी आंघोळीला जाऊ नका, बारीक गळती बऱ्याचदा कॉइल तापल्यावरच उघडी पडते.