दुकानातली नोकरी: बारा हजारांतले हातात किती?

ताई,

मुलगा कॉमर्सने बारावी झाला, यवतमाळच्या एका मोठ्या किराणा-कपड्यांच्या दुकानात बारा हजारांवर बोलावलंय. दारव्ह्याकडच्या तुमच्या गावाहून रोज जाणं-येणं जमेल का, शिक्षण सुटेल का, असं तुम्ही विचारलंय.

जाऊ द्या त्याला. पण बारा हजार कशाचे, ते आधी विचारा. सगळा मूळ पगार धरला तर पीएफचे (भविष्य निर्वाह निधी) १२ टक्के म्हणजे १,४४०, ईएसआयचे (कर्मचाऱ्यांचा सरकारी आरोग्य विमा) ०.७५ टक्के म्हणजे ९० आणि व्यवसाय कर २०० कापून हातात १०,२७० येतात. ‘सीटीसी’, म्हणजे त्याच्यावरचा कंपनीचा एकूण खर्च, बारा हजार म्हणत असतील तर पीएफ-ईएसआयमधला कंपनीचा वाटाही त्यातलाच, हातात आणखी कमी. कपातीचं वाईट वाटून घेऊ नका. एवढ्या मोठ्या दुकानात पीएफ कापतच नसतील, तर मात्र सावध व्हा. नेमणूकपत्र आणि यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, मागूनच घ्यायचा.

रोजचं जाणं-येणं विसरा. शटर रात्री साडेनऊ-दहाला पडतं, त्यानंतर गल्ला जुळवायचा; तोवर गावाकडची एसटी निघून गेलेली असते. दोघा-तिघांत खोली आणि डबा, हा खर्च आताच मांडा. रविवारी सुटी मिळणार नाही. दिवाळीत तर नाहीच, आणि तेव्हाच तुमच्याकडे कापसाची वेचणी. त्या दिवसांत घरच्या कामाला त्याला धरू नका, नाहीतर पहिल्याच वर्षी भांडण होऊन नोकरी सुटते.

नवी पोरं अडकतात ती काउंटरवर. सकाळी गल्ल्यात दिलेली चिल्लर स्वतः मोजल्याशिवाय सही करायची नाही. आपल्या बिलिंग आयडीवर दुसऱ्याला पाच मिनिटंही बसू द्यायचं नाही. रात्री पैसे कमी भरले की आयडी ज्याचा, त्यालाच विचारतात. गिऱ्हाइकाने मोबाईलवर पैसे गेल्याचं दाखवलं तरी मशीनवर जमा दिसेपर्यंत पिशवी द्यायची नाही. रॅकवर नवा माल मागे, जुना पुढे. घाईत उलटं लावलं की मागचा माल तिथेच एक्स्पायर होतो. दिवसभर उभं राहून पोटऱ्या भरतात, तेव्हा जाड तळव्याचे, थोडे सैल बूट घेऊन द्या. तेलाचे डबे, साखरेची पोती दोघांनी मिळून उचलावीत.

सहा महिने बिलिंग झालं की त्याने माल उतरवून घेण्याचं काम मागावं: खोकी मोजणं, बिलाशी एमआरपी आणि एक्स्पायरी ताडणं, फुटका माल बाजूला काढून तसं लिहूनच सही करणं. साठा समजणारा पोरगा लवकर विभाग सांभाळू लागतो. नुसत्या बिलिंगवरचा तिथेच राहतो. उद्या गावात स्वतःचं दुकान टाकलं तरी हेच कामी येईल.

बी.कॉम.साठी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात नाव घाला. परीक्षेच्या दिवसांची सुटी मात्र रुजू होतानाच मॅनेजरकडून लेखी घ्यायला सांगा. ऐनवेळी मागितली तर मिळत नाही.